विहीर काठोकाठ दिसतेय, पण आधी दोरी सोडा

हत्तीचा पाऊस चांगला लागला की आपल्या सोलापूर जिल्ह्यात दोन गोष्टी लगेच होतात. वापसा येताच पाभर बाहेर निघते, आणि विहिरीत डोकावून कुणीतरी म्हणतं, "यंदा काळजी न्हाई." पेरणीची घाई बरोबरच आहे. ते दुसरं वाक्य मात्र दरसाल कुणाला ना कुणाला महागात पडतं.

मागे एकदा ऑक्टोबरात मोहोळकडच्या एका वस्तीवर गेलो होतो. वीस फूट व्यासाची बांधीव विहीर, पाणी काठापासून जेमतेम सात फुटांवर. मालक खुशीत होते. "सायेब, वाकून तांब्या भरावा असं साल आलंय. दीड एकर गहू करतो, एकरभर कांदा, आन् डाळिंबाला हस्त बहार धरलाय." फेब्रुवारीत पुन्हा त्याच रस्त्याने गेलो तर पाणी पंचेचाळीस फुटांवर, कांद्याच्या पाती पिवळ्या आणि बांधाला बोअरची गाडी उभी. त्या बोअरमधून शेवटपर्यंत फुफाटाच उडाला. दोन दिवस घरातलं कुणी नीट जेवलं नाही, असं शेजारी सांगत होते.

पाऊस त्या वर्षी कमी नव्हता. मग पाणी गेलं कुठं?

आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेले लाव्हाचे थर. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट, वरचा सच्छिद्र. दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबडा गेरू लागतो. पाणी साठतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्यात (म्हणजे मऊ, सच्छिद्र खडकात) आणि खडकाच्या फटींत. घट्ट पाषाणात जवळपास काहीच नाही. विहीर खणणाऱ्या माणसांना हे कुणी शिकवावं लागत नाही, पहारीच्या आवाजावरून ते सांगतात. भूजलवाल्यांनी त्यावर आकडा बसवलाय, आणि तो एकदा डोक्यात बसला की विहिरीकडे बघायची नजरच बदलते. अशा झिजलेल्या बेसाल्टमध्ये उपसून घेता येईल असं पाणी खडकाच्या आकारमानाच्या दोन टक्क्यांच्या आसपासच असतं.

आता हिशेब मांडू. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. त्या एकराखालची पाणीपातळी एक मीटरने खाली गेली, तर हाती लागतं साधारण ८० हजार लिटर. आणि एका एकराला पाच सेंटिमीटरचं एक पाणी द्यायला लागतात दोन लाख लिटर. म्हणजे एका पाळीत आपण त्या एकराखालचा खडक अडीच मीटर, आठ फूट, रिकामा करतो.

पावसाच्या बाजूने पाहा. जिल्ह्याची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. एकरावर पडतं बावीस लाख लिटर. त्यातलं ढोबळमानाने दहा टक्के खडकात मुरतं, बाकीचं ओढ्याला जातं, मातीत थांबतं किंवा उडून जातं. मुरलेलं होतं सव्वादोन लाख. वर्षभराच्या पावसाची आपल्या एकराखाली पडलेली शिल्लक म्हणजे जेमतेम एक पाणी! मग विहीर त्याहून कितीतरी जास्त देते ती कशी? वरच्या अंगाच्या जमिनीतून, कॅनॉलच्या पाझरातून, शेजाऱ्याच्या वाट्यातून. शेजारीही आपल्या वाट्यातून ओढतच असतो.

त्यात आणखी एक गळती. मोटर चालवली नाही तरी ऑक्टोबरातलं पाणी जागेवर थांबत नाही. पाऊस थांबल्यावर ओढा डिसेंबरपर्यंत झुळझुळतो तो याच खडकातून उतरणाऱ्या पाण्यावर. पूर आला तरी खडकाच्या या मडक्याचा आकार काही वाढत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुराने काय केलं ते माढा, मोहोळ, करमाळ्याने पाहिलंय. ते पाणी भीमेतून खाली कर्नाटकात गेलं. ज्यांच्या विहिरीत पुराचा गाळ गेलाय त्यांनी तो आधी काढावा. गाळाने झरे बुजतात, मग पाणी दिसतं पण भरती होत नाही.

दोरी, खडू आणि वही

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. आपण आपल्या विहिरीची पंधरा दिवसांनी मोजू. तारखा लक्षात राहत नाहीत, म्हणून मी अमावास्या आणि पौर्णिमा सांगतो, ते कुणी विसरत नाही.

काठावर एका जागी ऑइलपेंटचा ठिपका द्या, दरवेळी तिथूनच मोजायचं. रात्रभर मोटर बंद हवी. पहाटे, लाईट यायच्या आत, टेपच्या खालच्या हातभर भागाला खडू घासा, टोकाला नटबोल्ट बांधा आणि सोडा. खडू जिथपर्यंत ओला झाला तिथपर्यंत पाणी. काठावरचं माप वजा ओलं माप, झाली पातळी. टेप नसेल तर फुटाफुटाला गाठ मारलेली सुतळी चालते, फक्त ती आधी भिजवून ताणून घ्या, नाहीतर ओली झाल्यावर माप बदलतं. बोअर असेल तर केसिंगमधून टेप मोटरच्या वायरीत अडकते. त्यासाठी मोटर उतरवतानाच शेजारून अर्धा इंची पाइप सोडून ठेवा.

पातळीपेक्षाही महत्त्वाची आहे भरती. विहीर चार-पाच फूट उपसा, मोटर बंद करा आणि पाणी एक फूट चढायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. वीस फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. समजा एक फूट चढायला चार तास लागले. दिवसाला सहा फूट, म्हणजे ५३ हजार लिटर. एका एकराचं एक पाणी भरायला पुरते चार दिवस. हा झाला ऑक्टोबरचा वेग. पातळी उतरेल तसा तो मंदावतो. जानेवारीसाठी मी तो निम्माच धरतो, आणि जिथे आजूबाजूला ऊस आहे तिथे निम्म्याहूनही कमी.

वहीत हे लिहून झाल्यावरच रब्बीचं ठरवा. आणि मोटरचा ऑटो काढून टाका. लाईट आली की ऑटो विहीर तळाला नेतो, गरज असो नसो.

मग काय पेरायचं

ज्वारीबद्दल फार सांगायची गरज नाही, हा जिल्हाच तिचा. मंगळवेढ्याच्या मालदांडीला तर भौगोलिक मानांकन आहे. सोलापुरात कोरडवाहू शेतीवर १९३३ पासून संशोधन चालू आहे आणि त्याचं सार एवढंच, की रब्बी ज्वारी पाण्यावर नाही, ओलीवर येते. मीटरभर खोल काळ्या रानात दीडशे-दोनशे मिलिमीटर ओल धरून ठेवायची ताकद असते. ज्यांनी जुलै-ऑगस्टात कप्पेबंदिस्ती केली, म्हणजे पाणी मुरावं म्हणून रानात छोटे बांध घालून कप्पे पाडले, त्यांच्या रानात ती आज दिसेल. फावड्याने दीड फूट खणून माती मुठीत दाबा, गोळा झाला तर निर्धास्त पेरा.

पेरणी १५ ऑक्टोबरच्या आत उरका. एकरी चार किलो बी, दोन चाड्यांची पाभर, दोन ओळींत दीड फूट. काणी रोगासाठी किलोभर बियाला चार ग्रॅम गंधक चोळायला विसरू नका. वाण म्हणाल तर हलक्या रानात फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा किंवा मालदांडी, भारीला फुले वसुधा. पुढे कोळपणी चुकवू नका. भेगा बुजल्या की ओल टिकते, आणि तिसरी कोळपणी करणाऱ्याला विहिरीची आठवण कमी येते. पाणी द्यायचंच झालं तर पेरणीनंतर महिन्याभराने एक आणि पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधी, एक. एकच देता येत असेल तर त्या वेळची ओल बघून या दोनपैकी निवडा.

गव्हाला सहा पाळ्या धरल्या तर एकरी बारा लाख लिटर झाले. वरच्या उदाहरणातली विहीर ऑक्टोबरच्या वेगाने अहोरात्र उपसली तरी त्याला तेवीस दिवस लागतील, आणि तेवढ्यात डाळिंबाला थेंब नाही. हरभऱ्याला फांद्या फुटताना एक आणि घाटे भरताना एक पाणी दिलं तरी भागतं, तेही तुषारने. पाटाने मोकाट दिलं की तो उभळतोच, म्हणजे पिवळा पडून मरतो. माझं मत विचाराल तर बारमाही कॅनॉलची खात्री नसलेल्या विहिरीवर गहू-कांद्याचं क्षेत्र भरतीच्या हिशेबाने जेवढं निघेल त्याच्याही पाऊणपटच धरावं. उसाचं तर बोलायलाच नको. मोकाट पाण्यावरचा ऊस एकरी कोटभर लिटर पितो, आणि उजनीचा टक्का उण्यात गेल्याची बातमी आपण उन्हाळ्यात किती वेळा वाचलीय.

डाळिंबवाल्यांनी बहार ठरवताना हीच वही उघडावी. हस्त बहाराची गरज मार्चच्या आसपास संपते. आंबे बहार धरला तर फळ फुगवायच्या वेळी एप्रिल-मे असतो, विहिरीचा सगळ्यात वाईट काळ. ज्यांच्या वहीत गेल्या वर्षी मार्चलाच तळ लागलाय त्यांनी आंबे बहाराचा मोह टाळावा. द्राक्षवाल्यांना गोड छाटणीबरोबरच एप्रिलच्या खरड छाटणीचं पाणीही आजच बाजूला काढावं लागतं, ते त्यांना सांगायला नको.

बोअर मारायचा विचार असेल तर

"खाली गेलं की पाणी लागतंच" हा समज फार घट्ट बसलाय. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तिथे खोल छिद्र घेतलं. बेसाल्ट लागला ३३८ मीटर, म्हणजे अकराशे फूट, आणि त्याखाली थोडा गाळाचा थर सोडला तर ग्रॅनाइट. समुद्र काही लागला नाही. खोल जाल तशा फटी मिटत जातात. जी मिळते तिच्यातलं पाणी वर्षानुवर्षांचं साठलेलं असतं, ते पहिल्या उन्हाळ्यात धो-धो येतं आणि तिसऱ्याला गुळण्या टाकतं. वर ते खारट निघालं तर डाळिंबाच्या कडा करपतात, म्हणून खोल बोअरचं पाणी क्षारांसाठी तपासल्याशिवाय ठिबकला जोडू नका. शेतीसाठी ६० मीटरच्या, म्हणजे २०० फुटांच्या खाली जायला भूजल कायद्याने मनाई आहे, आणि सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आतही.

तरी मारायचाच ठरला, तर पाणाड्याच्या हातावर नारळ उभा राहो की आडवा, एक काम कराच. दर दहा फुटाला निघालेला चुरा मूठभर घेऊन पोत्यावर ओळीने मांडत जा. मुरूम कुठे संपला, मांजऱ्या कुठे, गेरू किती फुटांवर, पाणी कुठे लागलं, सगळं लिहा. पुढच्या पिढीला आणि शेजाऱ्याला ती ओळ हजारो रुपयांची आहे.

त्याहून स्वस्त काम ओढ्यात आहे. खडकातून उतरणारं पाणी तिथे वाहून चाललंय, ते अडवायची वेळ हीच. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून, तोंडं शिवून, विटांसारखी सांधे मोडून रचा आणि मागच्या बाजूने चिकणमातीचा थापा द्या. चार-पाच घरांनी मिळून दोन दिवसांत वनराई बंधारा होतो. ओढ्यातली पातळी उभी राहिली की विहिरीतून निसटणारं पाणी मंदावतं. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) मात्र परतीचा पाऊस खरोखर गेल्याची खात्री झाल्यावरच टाका. बरगे टाकले आणि लोंढा आला, तर बंधारा राहतो आणि शेजारचं रान वाहून जातं.

ढगांवरचे प्रयोग करून पाऊस वाढवता येईल का, असं हल्ली बैठकीत कुणीतरी विचारतंच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ साली तो प्रयोग आपल्याच सोलापुरात केला, कारण आपण पर्जन्यछायेत. योग्य ढग मिळाले तिथे पाऊस सरासरी १८ टक्क्यांपर्यंत वाढलेला दिसला. पण त्यासाठी आधी ढग लागतात, आणि दुष्काळी सालात नेमके तेच नसतात. याच संस्थेचं दामिनी ॲप मात्र आजच मोबाइलवर घ्या. ऑक्टोबरात दुपारनंतर चढणारा ढग विजा घेऊन येतो. ॲपने लाल दाखवलं की पाभर सोडून पक्क्या घरात जा. बाभळीखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये थांबू नका.

शेवटी विहिरीच्या कठड्याचं. नान्नज, मार्डीच्या माळाकडची काळविटं कोवळ्या ज्वारीवर येतात, आणि त्यांच्या मागे लांडगा. नुकसान झालं तर तीन दिवसांच्या आत वन विभागाकडे अर्ज द्या, १९२६ वर फोनही लागतो. कुंपणात लाईट सोडू नका. काळवीट मेलं तर तुरुंग आहेच, पहाटे पाणी धरायला गेलेला घरचा माणूसही त्याच तारेला लागतो. अंधारात ही जनावरं बिनकठड्याच्या विहिरीत पडतात. कठडा बांधायला पैसे नसतील तर काटेरी झापा लावा आणि आत एक खडबडीत बल्ली तिरपी सोडा, खालचं टोक पाण्यात बुडेल अशी, म्हणजे पडलेलं जनावर तिच्यावरून चढून येईल. अमावास्या-पौर्णिमेला पातळी मोजाल तेव्हा पाणी जितकं उतरलं असेल तितकी बल्लीही खाली सरकवा.