चार्ल्स्टनच्या जुन्या हवेल्या बघायला जाताय? या चुका टाळा

शार्लट किंवा अटलांटाला राहणारी आपली बरीच मंडळी सुट्टी जोडून साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनला जातात. समुद्र, घोडागाडी आणि जाता जाता एखादी हवेली उरकायची, असा बेत असतो. हवेली उरकायला गेलं की तिथलं महत्त्वाचं तेवढं नेमकं निसटतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दिवाणखाना बघून परत फिरणं. 1820 च्या सुमाराचं एकेन-रेट हाउस घ्या. 1844 ते 1846 या काळात राज्याचे गव्हर्नर असलेले विल्यम एकेन इथे राहायचे. जेहोसी बेटावरच्या त्यांच्या भातशेतीत सातशेहून अधिक गुलाम राबत होते. झुंबरं, युरोपातून आणलेली चित्रं, ती लावायला मुद्दाम बांधलेलं दालन, हे सगळं या गुलामांच्या कष्टावर उभं राहिलं. मागच्या अंगणात स्वयंपाकघर आणि तबेला अजून आहे, आणि त्यांच्याच वरच्या मजल्यावर गुलामांच्या खोल्या. निम्मा वेळ तरी या अंगणासाठी राखून ठेवा. माझ्या मते घर समजतं ते इथेच.

दुसरी चूक, सोललेला वॉलपेपर बघून ‘मेंटेनन्स नाही वाटतं’ म्हणणं. 1995 मध्ये हिस्टॉरिक चार्ल्स्टन फाउंडेशनने हे घर घेतलं ते नव्यासारखं करायचं नाही असं ठरवूनच. पडझड थांबवायची, बाकी हाती आलं तसं जपायचं. त्यामुळे लोंबणारा तो कागद जुना, अस्सल आहे. त्याला हात लावू नका, भिंतीला टेकू नका, आणि पाठीवरची सॅक पुढे घ्या. अरुंद दारातून वळताना तीच आधी घासते.

याच संस्थेचं 1808 चं नथॅनिएल रसेल हाउस मात्र पूर्ण सजवलेलं आहे. आधाराशिवाय तीन मजले गोल गोल चढत गेलेला तिथला जिना बघून लोक खूश होतात आणि बाहेर पडतात. तसं करू नका. गुलाम जिथे राबायचे त्या मागच्या स्वयंपाकघराच्या भिंतींत उंदरांची जुनी बिळं सापडली आणि त्यांत कागदाचे कपटे निघाले. एक तुकडा 1830 च्या दशकातल्या लेखन शिकवणाऱ्या पुस्तकाचा होता. गुलामांना लिहाय-वाचायला शिकवणं बेकायदा ठरवणारा कायदा या राज्याने 1834 मध्ये केला, हे लक्षात घेतलं की त्या कपट्याचं मोल कळतं. गाइडला याबद्दल आवर्जून विचारा. ‘मालक चांगले वागवायचे का?’ हा प्रश्न मात्र नको. माणसांना विकत घेणाऱ्याच्या चांगुलपणाची चौकशी कशाला? त्यापेक्षा इथे राबणाऱ्यांची नावं कोणती, त्यांचं पुढे काय झालं, ते विचारा.

बाकी अडचणी सोप्या आहेत. एकेन-रेटमध्ये एसी नाही, आणि जुलै-ऑगस्टचा तिथला उकाडा मुंबईच्या मे महिन्यासारखा चिकट असतो, म्हणून सकाळीच जा. वरचे मजले जिने चढूनच बघावे लागतात. आई-बाबा सोबत असतील तर तिकीट काढण्याआधी चौकशी करा. दोन्ही घरांचं एकत्रित तिकीट मिळतंय का तेही पाहा. दोन्हींत साधारण दोन किलोमीटरचं अंतर आहे, भर दुपारी ज्येष्ठांना चालवू नका.