नागपूरहून किझी बेटावर: लाकडी चर्चांचे संग्रहालय कसे पाहावे

उन्हाळी सुटी म्हटली की नागपूरकर मे महिना धरतात. रशियातील किझी बेटासाठी मात्र जून धरावा. हे बेट ज्या ओनेगा सरोवरात आहे, त्यावरील प्रवासी बोटी बर्फ वितळल्यावर, साधारण मेच्या उत्तरार्धात सुरू होतात. शिवाय विदर्भातील शाळा जूनअखेरीस उघडत असल्याने मुलांनाही नेता येते. त्या दिवसांत तेथे रात्रीसुद्धा पुरता अंधार पडत नाही.

दिल्ली किंवा मुंबईमार्गे रशिया गाठून सेंट पीटर्सबर्गहून रेल्वेने सरोवराकाठच्या पेत्रोझावोद्स्क शहरी जावे. सुमारे पाच तास लागतात. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. भारतात दिलेली व्हिसा व मास्टरकार्डची कार्डे २०२२ पासून रशियात चालत नाहीत, म्हणून रोख रक्कम जवळ ठेवावी. पेत्रोझावोद्स्कच्या धक्क्यावरून वेगवान बोट सुमारे सव्वा तासात बेटावर पोहोचते. परतीच्या बोटीची वेळ आधीच पाहून त्यानुसार दिवस आखावा.

बेटावर उतरताच २२ घुमटांचे, ३७ मीटर उंच, १७१४ चे रूपांतर-चर्च (येशूच्या दिव्य रूपांतराच्या नावाचे) दिसते आणि बहुतेकांचा सारा वेळ तेथेच जातो. ते एकही खिळा न वापरता बांधले, असे सर्रास सांगितले जाते. भिंतींबाबत ते खरे आहे, कारण पाइनचे ओंडके खाचा पाडून एकमेकांत बसवले आहेत. घुमटांवरील, आस्पेन झाडाच्या लाकडाच्या खवल्यांसारख्या फळ्या मात्र खिळ्यांनीच ठोकलेल्या आहेत. ऊन-पावसाने याच फळ्या रुपेरी होतात. हे चर्च तापवण्याची सोय नसलेले, उन्हाळी उपासनेचे. हिवाळ्यासाठी शेजारी नऊ घुमटांचे पोक्रोव्ह चर्च आहे.

माझ्या मते खरा वेळ ओशेव्नेव्ह कुटुंबाच्या १८७६ च्या घराला द्यावा. नागपूरच्या महाल भागातील सागवानी वाड्यांत वावरलेल्या माणसाला नक्षीदार गॅलरी ओळखीची वाटेल, पण माणसांच्या खोल्या, गोठा आणि चाऱ्याचा माळा एकाच छपराखाली पाहून तो थबकेल. बाहेर बर्फ साचलेला असताना गुरांना चारा घालायला अंगणही ओलांडावे लागू नये, अशी ती रचना आहे. त्यानंतर मूरोम मठातून आणलेले बायबलमधील लाझारसच्या नावाचे इवलेसे चर्च पाहावे. ते १४ व्या शतकातील मानले जाते.

बेटावर विषारी साप आहेत. चपला न घालता बंद बूट घालावेत आणि फोटोसाठीसुद्धा पायवाट सोडून गवतात शिरू नये.