अल्टरनेटिव्ह स्कूलमध्ये बिहेवियर सपोर्ट एडचं काम नेमकं कसं करायचं

अमेरिकेत ज्या मुलांचं रेग्युलर शाळेत जमलं नाही, म्हणजे सारखी भांडणं, सस्पेंशन, महिनोन्महिने गैरहजेरी, कोर्टाचं लचांड, त्यातली बरीच मुलं अल्टरनेटिव्ह स्कूलमध्ये येतात. तिथे वर्गात शिक्षकाच्या जोडीला बिहेवियर सपोर्ट एड, म्हणजे मुलांचं वागणं सांभाळायला मदत करणारा सहाय्यक असतो. जाहिरातीत हेच नाव दिसेल असं नाही हां, पॅराप्रोफेशनल, इन्स्ट्रक्शनल एड, बिहेवियर टेक्निशियन, काहीही लिहितात, त्यामुळे स्कूल डिस्ट्रिक्टच्या (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) साइटवर सगळी नावं टाकून शोधा.

पात्रतेचं पटकन सांगते. हायस्कूल डिप्लोमा किंवा त्याच्या बरोबरीचं सर्टिफिकेट लागतंच. टायटल वनच्या (गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांना मिळणाऱ्या केंद्र सरकारच्या) निधीतून पगार निघणारं शिकवण्याचं काम असेल तर वर दोन वर्षांचं कॉलेज किंवा असोसिएट डिग्री, नाहीतर परीक्षा. बऱ्याच राज्यांत पॅराप्रो नावाची परीक्षा चालते, 90 प्रश्न, वाचन-लेखन-गणित, पासिंग मार्क राज्याप्रमाणे वेगळे. डिग्री भारतातली असेल तर तिचं इव्हॅल्युएशन आधीच करून ठेवा, त्यात वेळ जातो. बोटांचे ठसे आणि बॅकग्राउंड चेक होणारच. काहीजण आरबीटी (रजिस्टर्ड बिहेवियर टेक्निशियन) सर्टिफिकेट काढतात, 40 तासांचं ट्रेनिंग, मग प्रत्यक्ष कौशल्यं तपासतात आणि शेवटी परीक्षा. सगळीकडे मागत नाहीत पण असलं तर वजन पडतं.

आता कामाकडे येऊ. बऱ्याच नवीन लोकांना वाटतं की पोरगं भडकलं की धावत जाऊन त्याला शांत करायचं, हे आपलं काम. तेही करावं लागतं, पण माझ्या मते खरं काम त्याच्या आधीच्या दहा मिनिटांत असतं, जेव्हा वरवर काहीच घडत नसतं. बिहेवियरच्या भाषेत याला एबीसी म्हणतात, आधी काय झालं, मग मुलाने काय केलं, आणि त्यानंतर त्याला काय मिळालं. सगळ्यांचं लक्ष मधल्या भागावर असतं. तुम्ही पहिल्या आणि तिसऱ्यावर डोळा ठेवायचा.

उदाहरण घ्या. पंधरा वर्षांचा मुलगा, गणिताचा तास. वर्कशीट वाटली की तो हुडी डोक्यावर ओढतो, पेन्सिल बाकावर टकटक सुरू, मग शेजारच्याला एखादा टोमणा, शिक्षक म्हणतात "बास आता", तो शिवी हासडतो, आणि त्याला बाहेर काढतात. रिपोर्टमध्ये जातं "शिवीगाळ". पण बघा ना, त्याला हवं होतं ते मिळालं की, वर्कशीट सुटली! उद्या परत हेच होणार. वागण्यामागे साधारण चार कारणं धरतात, लक्ष वेधणं, काहीतरी टाळणं, एखादी वस्तू किंवा सवलत मिळवणं, आणि शरीराला बरं वाटणं. इथे टाळणं आहे, आणि ते का, तर बहुतेक वेळा त्याला ते गणित येत नसतं आणि चारचौघांत ते दिसू द्यायचं नसतं. मग हुडी वर गेली की तिथेच हलायचं. जवळून जाताना हळूच, "पहिली दोन कर, मग पाणी पिऊन ये." बाकीची वर्कशीट दुमडून ठेवायची म्हणजे त्याला दोनच गणितं दिसतील. उठायची मुभा शिवी दिल्यावर मिळता कामा नये, काम केल्यावर किंवा नीट मागितल्यावर मिळाली पाहिजे, सगळी गोम इथे आहे. अर्थात शिक्षकांशी आधी बोलून ठेवा, आणि मुलाचा बिहेवियर प्लॅन असेल तर त्यात जे लिहिलंय तेच, स्वतःचा वेगळा कायदा नको.

एक धोका मात्र आहे. जे वागणं आजवर चालत होतं ते चालेनासं झालं की सुरुवातीला ते वाढतं. जास्त आरडाओरडा, जास्त शिव्या. याला एक्स्टिंक्शन बर्स्ट म्हणतात. नेमकं त्याच वेळी लोक वैतागून म्हणतात प्लॅन फेल गेला, आणि जुनं ते परत देऊन टाकतात, मग मुलगा काय शिकतो, तर अजून जोरात ओरडलं की मिळतं. म्हणून टीमने आधीच ठरवायचं की असं झालं तर कोण कुठे उभं राहणार.

आणि तरीही भडका उडाला तर? कमी बोला. खरंच, निम्म्याहून कमी. रागात असलेल्या मुलाच्या डोक्यात तुमचं लेक्चर शिरत नाही, उलट आगीत तेल. समोरासमोर छाती काढून उभं राहू नका, जरा तिरपं, हात दिसतील असे, हातभरापेक्षा जास्त अंतर, आणि दार कधीही अडवू नका. आवाज खाली. एक छोटं वाक्य, दोन पर्याय, "इथे बसतोस की बाहेरच्या खुर्चीत?" आणि मग गप्प, थोडं मागे सरकायचं. उत्तर लगेच येत नाही, येऊ द्या वेळ. प्रेक्षक असतील तर त्याला माघार घेता येत नाही, या वयात इज्जत हा फार मोठा मामला असतो, त्यामुळे शक्य असेल तर त्याला नाही, बाकीच्यांना हलवा. "शांत हो" हे तर म्हणूच नका, त्याने आजवर कोणी शांत झालेलं मी पाहिलं नाही.

हात लावणं हा शेवटचा मार्ग. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने 2012 मध्ये यावर 15 तत्त्वं दिली, त्यात स्पष्ट आहे की कोणाला गंभीर शारीरिक इजा व्हायचा धोका समोर दिसत असेल तरच रिस्ट्रेंट, म्हणजे मुलाला धरून रोखणं, शिक्षा म्हणून कधीच नाही, आणि श्वास अडेल असं धरणं तर अजिबात नाही. बाकी नियम राज्याप्रमाणे बदलतात. ट्रेनिंग झालं नसेल तर हात लावू नका, रेडिओवर मदत मागवा. इंटरव्ह्यूमध्येच विचारा, क्रायसिस ट्रेनिंग कधी देणार, मुलं एकट्याच्या भरवशावर सोडणार का. उत्तर गोलमोल आलं तर समजून जा. अंगावरचं पण बघा, बूट पळता येतील असे, लोंबते कानातले नकोत, आयकार्डची दोरी ओढली की सुटणारी घ्या.

लिहिणं. कंटाळवाणं वाटतं पण यावरच बरंच अवलंबून असतं. "उद्धटपणा केला" असं लिहू नका, ते तुमचं मत झालं. "10:40 ला वर्कशीट दिली, 10:42 ला हुडी ओढली, 10:45 ला खुर्ची ढकलली, कोणाला लागली नाही, 10:50 ला बाहेर जाऊन बसला" असं लिहा. स्पेशल एज्युकेशनमधल्या मुलाला सलग 10 शाळेच्या दिवसांपेक्षा जास्त बाहेर काढायचं ठरलं तर आयडिया या स्पेशल एज्युकेशनच्या कायद्याप्रमाणे टीमला बसून बघावं लागतं की ते वागणं त्याच्या डिसॅबिलिटीमुळे होतं का. तिथे तुमच्या नोंदी टेबलवर येतात, आई-वडीलही वाचतात.

मुलं हळूहळू तुमच्याशी बोलायला लागतील. "कोणाला सांगणार नाही ना?" असं विचारलं तर वचन देऊ नका. मुलाला मारहाण किंवा अत्याचार होत असल्याचा नुसता संशय आला तरी शाळेतल्या लोकांना ते सरकारी यंत्रणेला कळवणं बंधनकारक असतं, आणि बऱ्याच राज्यांत मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं म्हणजे झालं असं नसतं, फोन स्वतः करावा लागतो. आधीच सांगून टाका, "तुला किंवा कोणाला धोका असेल तर मला सांगावं लागेल, बाकी आपल्यात." हे ऐकूनही बरीच मुलं बोलतात.

भांडण झालेला मुलगा दुसऱ्या दिवशी येतो तेव्हा दारातच कालचा विषय काढू नका. नाव घेऊन गुड मॉर्निंग, जागा दाखवा, काम द्या. माफी, भरपाई, काय असेल ते नंतर, एकट्यात, शिक्षक ठरवतील त्या वेळी. आणि नोकरी घेताना पगार तासावर आहे का, उन्हाळ्यात काय, हे लेखी विचारून घ्या, कारण बऱ्याच ठिकाणी सुट्टीचे पैसे मिळत नाहीत आणि जूनमध्ये कळतं.