रोपांना थंडीपासून जपायचं तर तयारी दुपारीच

निफाड पट्ट्यात पारा उतरला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा पेपरात येतो. तो आकडा साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवरच्या हवेचा असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगत गारठा त्याहून दोन-तीन अंशांनी, कधी आणखीही जास्त असतो. म्हणून पेपरात 5 अंश वाचून निर्धास्त राहू नका. गोदाकाठचे, कादवाकाठचे खोलगट वाफे आधी धरा, कारण थंड हवा जड, ती उताराने तिथेच येऊन साचते.

पहिला उपाय पाण्याचा. ओली जमीन दिवसाचं ऊन साठवते आणि रात्री सोडते, कोरडी भुसभुशीत जमीन साठवतच नाही. म्हणून थंडीच्या लाटेत खुरपणी, कोळपणी थांबवा. विहिरीचं पाणी पहाटे हाताला कोमट लागतं, तेच हलकं द्या. शेततळ्याचं पाणी गार असतं. रात्रीची लाईट नसेल तर दिवसा भिजवलं तरी चालतं. फक्त वाफ्यात पाणी तुंबू देऊ नका, नाहीतर थंडीतून वाचलेलं रोप मर रोगाने जाईल.

टोमॅटो, मिरची, वांगी आणि वेलवर्गीय रोपांना झाकणच हवं. कांद्याचं रोप त्यामानाने काटक. बांबूच्या कामट्या किंवा तारेच्या कमानी करून त्यावर क्रॉप कव्हर, म्हणजे पिकावर पांघरायचं हलकं कापड, टाका आणि कडा मातीने दाबा. ऊन कलायच्या आत झाका, म्हणजे दिवसाची ऊब आत राहते. कापड पानाला टेकलं की नेमकं तेवढंच पान करपतं, हे सकाळी उघडल्यावर स्पष्ट दिसतं. प्लॅस्टिक वापरलं असेल तर ऊन चढताच काढा. आत दमट राहिलं तर करपा आलाच म्हणून समजा.

भुशाचं आच्छादन मुळांना बरं, पण जमिनीची ऊब ते खालीच अडवतं. कोवळ्या शेंड्याला त्याचा उपयोग नाही.

शेकोट्यांवर माझा फारसा भरवसा नाही. वारा पूर्ण पडलेला असेल आणि बांधावर बऱ्याच ठिकाणी लहान लहान पेटवल्या तरच थोडा फरक पडतो. नुसत्या धुराने भागत नाही.

या दिवसांत युरिया टाळा, लुसलुशीत वाढ आधी बळी पडते. एवढं करूनही पानं काळी पडली तर लगेच छाटू किंवा उपटू नका. चार-पाच दिवस थांबा, शेंडा नखाने खरवडून पाहा. आत हिरवा असेल तर रोप फुटेल.