ऑटोरिमूव्हला डोळे मिटून 'वाय' दाबता का? या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात, कूलरही गरम हवा फेकून राहिला होता तेव्हा, त्रिमूर्तीनगरच्या रूमवर मी लॅपटॉपवरच्या उबुंटूची (लिनक्सचा एक प्रकार) साफसफाई काढली. एक जुना व्हिडिओ एडिटर उडवला, मग ॲप्टनंच, म्हणजे उबुंटूत पॅकेजेस टाकते-काढते त्या टूलनं, सांगितलं की एवढी पॅकेजेस आता लागत नाहीत, ऑटोरिमूव्ह (न लागणारी काढायची कमांड) मारा. यादी कोण वाचते, दाबला वाय. संध्याकाळी मी स्वतः सोर्स कोडमधून कंपाइल केलेला प्रोग्राम उघडला तर शेअर्ड लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती कोडची फाइल) सापडत नाही म्हणे!

आता यात ॲप्टची चूक नाही भाऊ. तुम्ही रोज काय वापरता हे त्याला थोडंच दिसते, त्याच्या वहीत फक्त एवढंच असते की हे पॅकेज तुम्ही मागितलं का दुसऱ्याच्या मागे आलं, म्हणजे मॅन्युअल का ऑटो. माझी लायब्ररी एडिटरच्या मागे आलेली, एडिटर गेला, ती बेवारस झाली. आणि मेक इन्स्टॉलनं, म्हणजे स्वतः कंपाइल करून, टाकलेला प्रोग्राम तर त्या वहीत नसतेच, मग त्याला काय लागते हे ॲप्टला कसं कळणार?

असं झालं तर आधी प्रोग्रामवर एलडीडी (कोणत्या लायब्ररी लागतात ते दाखवणारी कमांड) चालवा, जिथं 'नॉट फाउंड' दिसते तीच गेलेली लायब्ररी. व्हार, लॉग, ॲप्ट या फोल्डरात हिस्टरी लॉग असते, त्यात त्या दिवशी काय काय उडालं सगळं तारीखवार मिळते. तिथलं नाव पाहून ॲप्ट इन्स्टॉलनं परत टाका, नावानं टाकलं की ते मॅन्युअलच धरल्या जाते. आधीपासून असलेलं वाचवायचं असेल तर ॲप्ट-मार्क मॅन्युअल. मी आता ऑटोरिमूव्हला डॅश एस लावून आधी नुसती यादी पाहतो, आणि क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवते ते) डॅश वाय, म्हणजे न विचारताच हो, टाकून ठेवणाऱ्यांना तर माझा हातच जोडून नमस्कार.

फेडोरा हे दुसरं लिनक्स वापरणाऱ्यांनो, तुमच्याकडे ॲप्टच्या जागी डीएनएफ असते, त्याचं रिमूव्ह तर डिफॉल्टनंच सोबतची ऑटो पॅकेजेसही काढते, त्यामुळं तिथं वाय दाबायच्या आधीच यादी वाचा. पायथनची पॅकेजेस टाकणाऱ्या पिपचं उलटं, अनइन्स्टॉल केलं तरी डिपेंडन्सीज (सोबत आलेली पॅकेजेस) तशाच पडून राहतात.

पण घाबरून ऑटोरिमूव्ह कधीच न चालवणं हेही बरं नाही, कारण बूटचं पार्टिशन वेगळं अन् लहान असलं की जुने कर्नल (सिस्टीमचा गाभा, अपडेटसोबत नवा येते) साचून ते फुल होते आणि मग अपडेटच अडकते. चालू असलेला कर्नल ऑटोरिमूव्ह काढत नाही, तेवढी भीती नको.