कार्बन डॉट्सने पाण्यातले लोह शोधताना या चुका टाळा

सायट्रिक आम्ल आणि एथिलीनडायअमीन यांचे द्रावण ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सहन करणाऱ्या बंद भांड्यात) २०० अंश सेल्सिअसला काही तास ठेवले की यूव्ही प्रकाशात निळे चमकणारे कार्बन डॉट्स, म्हणजे कार्बनचे अतिसूक्ष्म कण, मिळतात. लोहाचे (Fe³⁺, म्हणजे तीन धनभारांचे लोह आयन) क्षार टाकले की चमक घटते, आणि त्या घटीवरून लोह मोजतात. इथेच घाई होते, कारण चमक घटण्याची कारणे अनेक असतात.

सर्वांत फसवे कारण म्हणजे प्रकाश वाटेतच शोषला जाणे. Fe³⁺ चे द्रावण स्वतः ३००–४०० नॅनोमीटरचा प्रकाश शोषते, म्हणजे डॉट्सपर्यंत तो कमीच पोचतो. स्टर्न-व्होल्मर आलेख (लोहाच्या प्रमाणानुसार चमक किती घटते ते दाखवणारा) सरळ आला म्हणून आयन डॉट्सना चिकटला असे सिद्ध होत नाही. प्रत्येक नमुन्याचे शोषण मोजा, ते शक्यतो ०.१ च्या आत ठेवा, नाहीतर शोषल्या गेलेल्या प्रकाशाची गणिताने दुरुस्ती करा. प्रकाश शोषला जाण्याच्या या परिणामावरही मापन करता येते, पण मग क्रोमेटही (क्रोमियमचा ऋण आयन) तेवढीच चमक घटवेल, कारण ते ३७० नॅनोमीटरच्या आसपास जोरात शोषते. निवडकतेच्या (इतर आयनांनी चमक घटत नाही ना, हे पाहण्याच्या) चाचणीत नुसते धन आयन घेऊन क्रोमेट वगळणे मला गंभीर चूक वाटते.

डायलिसिस, म्हणजे बारीक छिद्रांच्या पिशवीत द्रावण भरून लहान रेणू बाहेरच्या पाण्यात जाऊ देणे, टाळू नका. या कृतीत डॉट्ससोबत लहान चमकदार रेणूही बनतात आणि बरीचशी चमक त्यांचीच असू शकते. पिशवीबाहेरचे पाणी यूव्ही दिव्याखाली चमकायचे थांबेपर्यंत ते बदलत राहा.

पीएचकडे, म्हणजे सामूकडे, नीट बघा. सामू चारच्या वर गेला की Fe³⁺ हायड्रॉक्साइड होऊन खाली बसते. फॉस्फेट बफरही (सामू स्थिर ठेवणारे द्रावण) त्याला ओढून घेतो. उलट, नायट्रिक आम्ल घालून टिकवलेला नमुना थेट मिसळला तर आम्लामुळेच चमक बदलते. प्रमाण द्रावणे, ब्लँक (लोह नसलेले द्रावण) आणि नमुना एकाच सामूवर हवेत. बोअरचे पाणी उपसताना त्यातले लोह बहुधा विरघळलेले Fe²⁺ (दोन धनभारांचे) असते, हवा लागली की गंजासारखा गाळ होतो. त्यामुळे एकूण लोह हवे असेल तर नमुना भरतानाच आम्ल घाला, गाळण्याची घाई नको.

नदी-विहिरीच्या पाण्यातले ह्युमिक पदार्थ (कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेले) स्वतःच निळे चमकतात. म्हणून डिस्टिल्ड पाण्यातला आलेख तिथे वापरू नका. त्याच नमुन्यात ज्ञात प्रमाणात लोह वाढवून मोजा. ३५० नॅनोमीटरच्या प्रकाशात ३९७ च्या आसपास दिसणारा छोटा सुळका पाण्याचा रामन सुळका (पाण्याच्या रेणूंनी विखुरलेला प्रकाश) आहे, डॉट्सचा नाही.

याच पद्धतीने लोहाऐवजी पारा शोधत असाल तर पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे सुमारे ५ नॅनोमोलर. मायक्रोमोलर (नॅनोमोलरच्या हजारपट) पातळीवर अडकलेली पद्धत पिण्याच्या पाण्यासाठी चालते असे लिहू नका.