दुसऱ्या दुकानातला आयपी फोन वाजतो, पण गिऱ्हाइकाचा आवाज येत नाही

राजवाड्याजवळच्या साड्यांच्या दुकानात आयपी फोन, म्हणजे इंटरनेटवरून चालणारा फोन, मस्त चालू. विजय नगरला दुसरं दुकान काढलं, तिथे त्याच सिस्टिमचं नवं एक्स्टेंशन लावलं. घंटी वाजे, आमचं 'हॅलो' तिकडे पोचे, पण इकडे शुकशुकाट. फोन काही मिनिटं नुसता पडून राहिला की घंटीही बंद. लग्नसराईत हे म्हणजे डोक्याला ताप.

हँडसेट बदलला, केबल बदलली. सेवा देणारे म्हणाले, प्लॅन मोठा घ्या. एका कॉलला नेटचा जेमतेम १०० केबीपीएस वेग लागतो हो! खोट राउटरमध्ये होती. त्यातलं 'सिप एएलजी', म्हणजे इंटरनेट कॉलना मदत म्हणून दिलेली सोय, कॉलच्या डेटाच्या पाकिटांतले पत्ते परस्पर बदलतं, म्हणून आवाज भलतीकडे जातो.

आधी राउटरच्या सेटिंगच्या पानावर लॉगिन करा. नॅट, एएलजी किंवा सिक्युरिटी यांपैकी एकाखाली 'सिप एएलजी' सापडेल. ते बंद करून सेव्ह करा. मग फोनच्या सेटिंगमध्ये रजिस्ट्रेशनची (सर्व्हरकडे फोनची नोंद) मुदत ३६०० वरून १२० सेकंद करा आणि कीप-अलाइव्ह (वाट उघडी ठेवणारा छोटा संदेश) ३० सेकंदांवर ठेवा. नाहीतर राउटर रिकामी वाट बंद करतो आणि घंटी येत नाही. आता राउटर आणि फोन दोन्ही बंद करा. राउटर आधी चालू करा, दिवे स्थिर झाले की मगच फोन. उलट केलंत तर जुन्या नोंदी तशाच राहू शकतात.

मोबाइलवरून लावून दोन्हीकडून बोलून बघा. दहा मिनिटं फोनला हात न लावता पुन्हा लावा. राउटर अपडेट झाला की एएलजी कधीकधी आपोआप चालू होतं, तेवढं तपासत जा.